रिले पुरतो, पण बिघडला तर? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या हीटरला बाहेरचा थर्मोस्टॅट जोडण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन मुद्दे आहेत. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असताना दुसरा ही निव्वळ हौस. २००० वॅटला थर्मोस्टॅटमधला १० अँपिअरचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) पुरत असताना काँटॅक्टरचा (जास्त प्रवाहासाठीच्या मोठ्या, दणकट रिलेचा) आग्रह म्हणजे लोकांना घाबरवणं. आणि पंख्याच्या हीटरचा कट-आउट (हीटर फार तापला की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) सारखा उडतो म्हणून तुम्ही तो शॉर्ट करून टाकलात, म्हणजे तार जोडून वगळलात, तेव्हापासून ‘सगळं मस्त चाललंय’.

पहिला पटकन उरकतो. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट म्हणजे बायमेटलची (तापली की वाकणारी, दोन धातूंची) पट्टी, आणि ती हीटरच्याच पोटात बसलेली असते. तिला कळतं ते बहुतांशी आजूबाजूच्या पत्र्याचं तापमान. म्हणून खोली गारच असताना हीटर बंद पडतो आणि आपण नॉब पिळत बसतो. बाहेरचा थर्मोस्टॅट माणूस बसतो तिथलं तापमान बघतो, एवढाच फरक. त्याने हीटर कार्यक्षम वगैरे होत नाही. घेतलेल्या विजेची सगळी उष्णता तो आधीही करतच होता. बचत होते ती खोली नको तितकी तापत नाही म्हणून.

आता रिले. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. दहाच्या आत आहे, मान्य. पण हीटरच्या कॉइलचा रोध तोच राहतो, त्यामुळे व्होल्टेज २५० वर चढलं की तोच हीटर साडेनऊच्या आसपास ओढतो. अशा छोट्या रिलेचं आयुष्य पूर्ण लोडवर साधारण एक लाख वेळा चालू-बंद इतकं धरतात. दर दहा मिनिटांनी एकदा म्हटलं तरी दिवसाला १४४ वेळा, म्हणजे अखंड चालवला तर दोन वर्षंही नाहीत. थर्मोस्टॅट चालू आणि बंद होतो त्या तापमानांतला फरक अर्ध्या अंशाहून कमी ठेवलात तर रिले त्याहून बराच जास्त वेळा वाजेल.

आणि रिले संपतो कसा, हे बघा. त्याच्या आतले धातूचे संपर्क उघडताना दर वेळी ठिणगी पडते, संपर्क खरबरीत होतात आणि एक दिवस वितळून एकमेकांना चिकटतात. मग थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ‘बंद’ दिसतं आणि हीटर चालूच. हा बिघाड कुणी घरात नसतानाही होऊ शकतो. बंद होऊन बिघडला असता तर फार तर थंडी वाजली असती. म्हणून थर्मोस्टॅटने फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवावी आणि हीटरचा लोड २० किंवा २५ अँपिअरच्या काँटॅक्टरने तोडावा, असं मी म्हणतो. तुम्ही सुचवलेला सॉलिड स्टेट रिले (हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) आवाज करत नाही, हे खरं. पण त्याच्यात व्होल्टभर दाब तरी खर्ची पडतोच, म्हणजे नऊ-दहा वॅट उष्णता त्याच्या अंगावर, त्यासाठी हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवा. शिवाय तोही बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच बिघडतो.

हजार वॅटचा हीटर आणि १६ अँपिअर झेपणारा थर्मोस्टॅट असेल तर काँटॅक्टर नको. तिथे तुमच्याशी माझं भांडण नाही.

काँटॅक्टरही कधीतरी चिकटू शकतो. त्यानंतर मध्ये उभा असतो तो एकटा कट-आउट, आणि तुम्ही नेमका तोच काढलात. तो का उडत होता, याचा अंदाज तुमच्या जोडणीवरून येतो. थर्मोस्टॅट सगळा पुरवठाच तोडतो, त्यामुळे पंखा त्याच क्षणी थांबतो आणि लालबुंद कॉइलची उरलेली उष्णता वर कट-आउटपर्यंत चढते. म्हणजे कट-आउट आपलं काम चोख करत होता! पंख्याला फेज थेट द्या आणि थर्मोस्टॅटने फक्त हीटरच्या कॉइलची वीज तोडा. पंखा बंद असताना कॉइलला वीज मिळणार नाही अशीच जोडणी हवी. आतल्या तारा अशा वेगळ्या होत नसतील तर तो हीटर बाहेरच्या थर्मोस्टॅटसाठी नाही, तेलाचा रेडिएटर घ्या. त्यात पंख्याची भानगडच नाही.

तोवर प्लग काढून ठेवा. शॉर्ट केलेली तार काढा आणि कट-आउट खराब झाला असेल तर तेवढ्याच तापमानाचा, तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवून घ्या.