नशा उतरवायला मिठाचं पाणी पाजू नका

गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या मामेबहिणीने परवा एक मेसेज पाठवला. ‘पोराने भलतीच नशा केली असेल तर घरच्या घरी कसं ओळखाल, कसं वाचवाल.’ खाली तिची ओळ : ‘घरात तरणी मुलं आहेत, सेव्ह करून ठेव.’ तोवर तो देवस्थानच्या ग्रुपवर आणि महिला मंडळाच्या ग्रुपवरही फिरून झाला होता. मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. हे वाचून आईबाप घरात काय करतील ते मला दिसतं, म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा : तोंडाला वास नाही आणि डोळे लाल नाहीत तर नशा नाही. धोतरा, जायफळ, भांग ही निसर्गातली, त्यांनी अपाय होत नाही. ग्लासभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून पाजा, उलटी काढा आणि झोपू द्या. हॉस्पिटलात नेऊ नका, आधी पोलीस केस होते, मग उपचार. न्यावंच लागलं तर लघवीच्या टेस्टमध्ये सगळं कळतं.

मिठापासून सुरुवात करते, कारण यात जीव जातो. दोन मोठे चमचे म्हणजे तीसेक ग्रॅम मीठ. ते उलटीवाटे बाहेर पडलं नाही तर रक्तातलं सोडियम भराभर वाढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि झटके येतात. उलटी काढायला म्हणून पाजलेल्या मिठानेच माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. मुळात ज्याला धड शुद्ध नाही त्याला काहीही पाजायचंच नाही. त्याचं गिळणं, खोकणं मंदावलेलं असतं, त्यामुळे वर आलेलं अन्न श्वासनलिकेत उतरतं. थिनर किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर आणखी वाईट, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरलं की फुप्फुस भाजून निघतं. लिंबू, ताक, कडक कॉफी यांचंही तेच. विष त्याने उतरत नाही, आणि ठसका लागायची भीती आहेच.

आता वास आणि लाल डोळे. एकदा तिन्हीसांजेला गावातून एका आजोबांना आणलं. ‘कुणीतरी पाजलीय यांना,’ असं मुलगा सांगत होता. तोंडाला वास नव्हता. आजोबा चादरीवरून काहीतरी वेचत होते, हवेत हात घालून दोरीवरचे कपडे काढावेत तसे ओढत होते, नसलेल्या माणसांशी बोलत होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्या काखेत हात घातला. अंग तापलेलं, चेहरा लालबुंद, पण काख कोरडी ठणठणीत. जीभ टाळ्याला चिकटलेली. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळाची नुसती कडा उरलेली, आणि बॅटरी मारली तरी त्या आकसेनात. ओटीपोट फुगलेलं, लघवी तुंबलेली. आम्ही नळी घातली. दम्यासाठी कुणीतरी सांगितलेला धोतऱ्याच्या बियांचा काढा त्यांनी घेतला होता, हे घरच्यांना नंतर आठवलं. उपचार मात्र त्याआधीच सुरू झाले होते, कारण काय घेतलंय ते शरीरच सांगत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबा नीट बोलायला लागले.

नशा ओळखायची ती अशी. धोतऱ्यात अंग कोरडं पडतं. पार्टीतल्या उत्तेजक गोळीनेही बाहुल्या मोठ्या होतात आणि नाडी पळते, पण माणूस घामाने निथळत असतो. अफूच्या जातीची गोळी असेल तर उलट : बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आणि श्वास मिनिटाला जेमतेम सहा-आठ. त्यावर नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. थिनर हुंगणाऱ्या मुलाच्या ओठांभोवती पुरळ आणि कपड्यांना रंगाचा वास येतो. अशा मुलाला दरडावू नका, त्याच्या मागे धावू नका. त्या अवस्थेत दचकल्याने हृदयाचे ठोके बिघडून मूल जागीच कोसळू शकतं.

आणि नशेत दिसणारा प्रत्येकजण नशेत नसतो. साखर उतरलेला मधुमेही, डोक्याला मार बसलेला, ऊन लागलेला मजूर, मेंदूचा ताप आलेलं पोर, सगळे असेच बरळतात. म्हणून तर आम्ही आल्याआल्या बोटाला टोचून साखर बघतो.

‘निसर्गातलं’ हा युक्तिवाद तर गोव्यात कुणी करूच नये. 1563 साली इथेच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने धोतऱ्यावर वेगळं प्रकरण लिहून ठेवलंय. त्यात म्हटलंय, चोर तो जेवणात घालतात, आणि खाणारा नुसता हसत बसतो, दागिने काढून घेतले तरी अडवत नाही. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिलेलं काटेरी फळ मुलांच्या हाती लागतं. कुठल्या बीत किती विष असेल हे झाडागणिक बदलतं, त्यामुळे ‘थोडंसं चालतं’ हा हिशेब लागूच पडत नाही. जायफळाचा परिणाम काही तासांनी सुरू होतो. तेवढ्यात काही होत नाही म्हणून पोरं आणखी खातात.

झोपू द्या, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. भांग प्यायलेला धडधाकट तरुण बहुतेक वेळा झोपून उठला की ठीक असतो. पण लहान मुलाने भांगेची मिठाई खाल्ली तर ते बेशुद्ध होऊ शकतं. भेसळीच्या दारूत मिथेनॉल असेल तर माणूस आधी बरा वाटतो, आणि बारा-चोवीस तासांनी डोळ्यांसमोर धुकं येतं. सकाळपर्यंत थांबलात तर दृष्टी जाऊ शकते. हाक मारून, हलवून जागा होत नसेल तर ती झोप नव्हे.

लघवीची पट्टी गांजा, अफू, कोकेन असे ठरावीक गट दाखवते. धोतरा, जायफळ, थिनर त्यात दिसत नाहीत, ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळीही साध्या अफूच्या पट्टीवर सहसा येत नाही. निगेटिव्ह म्हणजे काही घेतलेलं नाही, असं कुणीच समजू नये.

राहिली पोलिसांची भीती. तिच्यामुळेच लोक मीठ कालवत बसतात. विषबाधेची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं, हे खरं. पण ‘आधी केस, मग उपचार’ हे साफ खोटं आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. धोतरा, जायफळ, थिनर तर अमली पदार्थांच्या कायद्यातही येत नाहीत. आणि त्या कायद्याच्या कलम 64ए मध्ये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे.

बहिणीला मी हे कळवलंय : 108 लाव. गाडी येईपर्यंत मुलाला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, श्वास मोजत राहा. उरलेल्या बिया, गोळ्यांचं पाकीट, बाटली, जे सापडेल ते पिशवीत घालून आण. मित्रांना ओरडू नकोस, काय आणि किती वाजता घेतलं एवढंच विचार. दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास असतं, नंबर फोनमध्ये ठेव. तो मेसेज तिने काढून टाकलाय. महिला मंडळाच्या ग्रुपवर अजून आहे, तिथे आज हेच टाकतेय.