राजीखुशीने

धाकट्या भावाने गेल्या महिन्यात मला इथे कॅनडात व्हॉट्सॲपवर वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. ‘ताई, घाई नाही. तिथल्या वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र तेवढं करून पाठव, बाकी इथलं मी बघतो.’ खाली हात जोडलेली दोन चित्रं. मसुद्यात नेहमीचंच वाक्य आहे: कोणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने.

त्यानंतर घरच्या ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री झाली. एका चुलत बहिणीने हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टाकला: मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच वाटेकरी, वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असोत वा नसोत. उत्तरादाखल काकांनी लग्नाचा खर्च काढला. वहिनी म्हणाली, वाटा घेतला की माहेर तुटतं. आणि मग ठरलेलं वाक्य आलं: ‘तुला काय कमी आहे? तिकडे बाईला किंमत आहे.’

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे.

ओटावाहून तासाभरावर सेंट लॉरेन्स नदीकाठी प्रेस्कॉट नावाचं गाव आहे. त्याच्या थोडं पश्चिमेला जुन्या रस्त्यालगत निळ्या रंगाचं एक इवलंसं लाकडी चर्च आहे आणि त्याच्या आवारात बार्बरा हेक या शेतकरी बाईची कबर. 1909 साली तिथे तिचं मोठं स्मारक उभं राहिलं. उत्तर अमेरिकेतल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची आई, असं तिला म्हणतात.

बाईचं आयुष्य कुळाचं. जन्म 1734 चा, आयर्लंडमधल्या लिमरिक परगण्यात. घरची माणसं मूळ जर्मन. ऱ्हाईनकाठच्या लढायांना आणि उपासमारीला कंटाळून 1709 च्या सुमारास तिकडे गेलेली, जमीनदाराच्या जमिनी कसणारी. खंड परवडेना म्हणून 1760 मध्ये लग्न झाल्या झाल्या ती नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला निघाली. तिथे 1766 साली घडलेली गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आपली माणसं पत्ते कुटत बसलेली पाहून तिने डाव उधळला, पत्ते चुलीत घातले आणि तडक चुलतभावाकडे, फिलिप एम्बरीकडे, जाऊन त्याला प्रवचनाला उभं केलं. हा आयर्लंडमध्ये प्रवचनं करायचा, इथे आल्यावर गप्प बसला होता. दोन वर्षांत तिथे चर्च उभं राहिलं.

पुढे उत्तरेला शेती केली. मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आलं, कुटुंब इंग्लंडच्या राजाच्या बाजूचं, जमीन गेली. 1785 मध्ये पन्नाशी ओलांडलेली बार्बरा प्रेस्कॉटजवळच्या या ऑगस्टा टाउनशिपमध्ये आली तेव्हा इथे नुसतं रान होतं. (रानही कोणाचं तरी होतंच. 1783 मध्ये इथल्या मूळच्या मिसिसागा लोकांकडून नदीकाठचा मोठा पट्टा बंदुका, दारूगोळा, कपडे आणि लाल कापडाच्या बदल्यात सरकारने घेतला होता. राजीखुशीनेच म्हणायचं.) झाडं तोडायची, जाळायची, बुंध्यांच्या मधल्या जागेत गहू पेरायचा. राखेतून पाणी झिरपवून काढायचं, त्यात चरबी शिजवून साबण करायचा. जवसाचे धागे कातायचे, मेणबत्त्या ओतायच्या. 1788-89 चं वर्ष इथे भुकेचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. लोकांनी कोंडा, कंद आणि झाडांचे कोंब खाऊन ते काढलं.

त्याच 1788 मध्ये ऑगस्टात मेथडिस्टांचा पहिला ‘क्लास’ सुरू झाला. क्लास म्हणजे दहाबारा जणांची आठवड्याची बैठक. प्रत्येकाने उठून आठवड्यात मन कुठे घसरलं, कुठे सावरलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. दारू नाही, पत्ते नाहीत, नाच नाही. आमच्या आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग माळकरीच की! घोड्यावरून फिरणारे प्रवचनकार वर्षाला जेमतेम 64 डॉलरवर रानं तुडवायचे आणि रात्री कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरी उतरायचे. आमच्याकडे कीर्तनकार बुवा उतरायचे तसेच. बुवांचं नाव पत्रिकेत छापलेलं असे. पिठलं-भाकरी कोणी केली हे कुठेच छापलेलं नसे.

बार्बरा 1804 मध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेली, मांडीवर जर्मन बायबल होतं, असं सांगतात. सांगतात एवढंच. कारण या ‘आई’च्या हातचं एक पत्रही मागे उरलेलं नाही. जे आहे ते इतरांनी नंतर लिहिलेलं.

आता किंमतीचं बघू. 1789 मध्ये इथल्या गव्हर्नरने हुकूम काढला की राजनिष्ठांच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीलाही 200 एकर जमीन मिळेल; मुलीला एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा त्याआधी लग्न झालं तर तेव्हा. मी हे प्रथम वाचलं तेव्हा ग्रुपवर टाकायला फोन उचलला होता. बघा, 1789! पण पुढचं वाचलं आणि फोन खाली ठेवला. लग्न झालं की इंग्रजी कायद्याने त्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे. बायकोने आपली मालमत्ता स्वतःच्या हाती ठेवण्याचा पुरता कायदा इथे, ऑन्टारिओ प्रांतात, आला 1884 मध्ये.

आणखी एक गोष्ट. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर हयातभराचा हक्क असे. म्हणून नवरा जमीन विकायला निघाला की बायकोला तो हक्क सोडावा लागे. 1797 च्या कायद्याने न्यायाधीश तिला बाजूला घेऊन विचारायचा: कोणाची जबरदस्ती नाही ना? बाई काय सांगणार? परतीच्या बैलगाडीत नवऱ्याच्याच शेजारी बसायचं होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं हक्कसोडपत्रच ते, फक्त भावाऐवजी नवरा.

तेव्हा ‘तिकडे किंमत आहे’ हे खरं असेल तर ते या मातीच्या गुणाने नाही, बायकांनी पिढ्यान् पिढ्या कायद्यांशी घासाघीस केली म्हणून. आपल्याकडेही ती कमी झालेली नाही. महाराष्ट्राने तर मुलींना वाटा देणारी दुरुस्ती 1994 मध्येच केली, अविवाहित मुलींपुरती का होईना. आणि ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणत शेतकरी संघटनेच्या माणसांनी आपणहून बायकांची नावं जमिनीला लावली होती. हे आमचे काका विसरले आहेत, ते तेव्हा संघटनेचा बिल्ला लावून फिरत. आता महिन्याला 1500 रुपये घेणारी बहीण लाडकी आणि सातबाऱ्यावर नाव मागणारी लोभी.

भावाचा मला राग नाही. दुष्काळात त्याने बाग टँकरच्या पाण्यावर जगवली, मी इथे हीटरजवळ बसले होते. कसणाऱ्याला जमीन, हे त्याचं म्हणणं मला पटतंही. पण मग तसं लिहा. कसतो म्हणून देते, असं लिहा. राजीखुशीने कशाला?

मी त्याला एवढंच सांगितलं की आधी मामाच्या गावचा जुना फेरफार काढून पाठव, आईने तिचा हक्क सोडला तेव्हाचा. परवा फेरफाराचा फोटो आला. आईला सही येत होती, पोथी वाचायची ती. कागदावर अंगठा आहे.

वकिलातीची वेळ मी अजून घेतलेली नाही.