सभ्य नकार

डिस्ने स्टुडिओने जून १९३८ मध्ये एका तरुणीला पाठवलेले नकारपत्र अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असते. स्त्रिया सर्जनशील काम करत नाहीत, ते काम सर्वस्वी तरुण पुरुषांकडे असते, एवढेच त्यातले उचलून लोक हळहळतात. मी मात्र त्याच्या पुढच्या मजकुरापाशी थांबतो. मुलींसाठी खुले असलेले एकच काम त्यात समजावून दिले आहे : पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने पात्रांच्या रेषा गिरवायच्या आणि उलट्या बाजूने रंग भरायचा. त्यासाठीही पेन-शाईच्या आणि जलरंगांच्या कामाचे नमुने घेऊन स्वतः स्टुडिओत हजर व्हायचे. पण केवळ एवढ्या आशेवर हॉलिवूडला येऊ नये, कारण जागा थोड्या आणि मुली फार. नकार इतका सभ्य की भांडायलाही जागा उरू नये.

मुलग्यांचे काय होत होते? मंदीमुळे चित्रकारांना इतरत्र काम मिळेनासे झाले होते आणि डिस्नेला 'स्नो व्हाइट' या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठी माणसे हवी होती. १९३४ मध्ये सँटा बार्बराहून आलेल्या, पुढे नामवंत ॲनिमेटर झालेल्या वॉर्ड किंबॉलला चित्रे ठेवून जायला सांगितले, तेव्हा परत यायला पेट्रोलचे पैसे नाहीत, आताच पाहा, असे त्याने सुनावले आणि नोकरी मिळवली, असे तो पुढे सांगत असे. नव्या मुलांना आधी उमेदवारी करावी लागे. दोन मुख्य रेखाटनांच्या मधली रेखाटने काढायची, तीही दिवसच्या दिवस. हात बसला नाही की रवानगी. कष्टाचेच काम होते, यात वाद नाही. पण शुइनार्ड कलाशाळेतले डॉन ग्रॅहम स्टुडिओतल्या चित्रकारांना रेखाटन शिकवत होते, म्हणजे कच्च्या हाताला पक्का करण्याची सोय होती. पत्र लिहिणाऱ्या मुलीपुढे ती वाट ठेवलीच गेली नाही.

पुढे डिस्नेचा ॲनिमेटर झालेल्या मार्क डेव्हिसच्या अर्जाला 'मिस डेव्हिस' अशा संबोधनाने उत्तर आले आणि स्त्री चित्रकार घेत नसल्याचे त्यात कळवले होते, असा एक किस्सा आहे. तो खरा असेल, तर चित्रांआधी नावच तपासले जात होते, असे म्हणावे लागते.

शाईचे काम सर्जनशील नाही, हेही मला पटत नाही. सेलवर, म्हणजे त्या सेल्युलॉइडच्या तावावर, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पांढरे सुती हातमोजे घालून, टाकाच्या टोकाने रेषेची जाडी शेकडो सेलांवर सारखी राखायची. जरा चुकले की पडद्यावर पात्राची कडा थरथरते.

मुळात पत्रातले विधानच धड खरे नव्हते. बियांका माजोली १९३५ पासून कथाविभागात होती. पत्र निघाले त्याच वर्षी रेटा स्कॉट तिथे रुजू झाली आणि पुढे 'बाम्बी'तल्या फेलीन या हरिणीवर तुटून पडणाऱ्या शिकारी कुत्र्यांचे ॲनिमेशन तिने केले. १९४२ मध्ये तो चित्रपट आला तेव्हा श्रेयनामावलीत ॲनिमेटर म्हणून तिचे नाव होते.