दिवसाला पाच हजार

कर्ज फेडायला मला सतरा वर्षं लागली आणि ते फेडल्यावर घराचे कागद परत मिळवायला त्रेचाळीस दिवस. सतरा वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. (आहे, पण ती पुढे येईल.)

नो ड्यूजचं पत्र मिळालं, घरात पेढे झाले. मूळ करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मात्र 'सेंट्रल व्हॉल्ट'ला होतं. हा व्हॉल्ट नेमका कुठे, ते शाखेत कुणालाच ठाऊक नव्हतं. गाभाऱ्याबद्दल बोलावं तसं सगळे त्याच्याबद्दल आवाज खाली आणून बोलायचे.

एकेचाळिसाव्या दिवशी मी रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३च्या परिपत्रकाची प्रिंटच घेऊन गेलो. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मॅडमनी प्रिंट उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाल्या, "सर, याच घरावर टॉप-अप लोन का नाही घेत? कागद आमच्याकडे आहेतच."

"दिवसाला किती म्हणालात?" हे शेजारच्या खुर्चीतून आलं. पासबुक भरायला आलेले एक काका. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पासबुक.

"पाच हजार."

"आणि तुम्ही कागद मागताय?"

मी गप्प.

"अहो, माझी पंधरा लाखांची एफडी आहे. दिवसाला तीनशेसुद्धा सुटत नाहीत हो! आणि तुमचं हे पुडकं नुसतं हरवून पाच हजार कमावतंय." काकांनी काउंटरचं दोरीला बांधलेलं पेन ओढलं. दोरी पुरेना, म्हणून स्वतःच पेनाकडे सरकले आणि स्लिपच्या पाठीवर गुणाकार मांडला. "वर्षभर नाही सापडलं तर अठरा लाख पंचवीस हजार. घर विकायचंय का?"

"नाही."

"मग कागद काय चाटायचेत? घरी जा. इथं येऊन आठवण करून देऊ नका यांना."

मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "कागद गहाळ असतील तर मात्र आम्हाला आणखी ३० दिवस मिळतात."

म्हणजे परिपत्रक बाईंना पाठ होतं! फक्त त्यांच्या सोयीची ओळ आधी पाठ होती. त्याच कलमात नकला काढून द्यायला मदत करायची आणि खर्च बँकेने सोसायचा, असंही आहे. ते त्यांच्या घशातून वर आलं नाही.

इथे माझं डोकं सटकलं. कारण मे २०२२पासून रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो; माझं व्याजही त्याच्यामागे चढायचं) ४ टक्क्यांवरून ६.५०वर चढत गेला, तेव्हा याच बँकेने माझा हप्ता तेवढाच ठेवून मुदत गुपचूप लांबवली होती. शेवटच्या हप्त्याची तारीख निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचं मला स्टेटमेंट चाळताना कळलं. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये सांगितलं. तोवर मला कुणी विचारलं नव्हतं, नंतरही नाही. शेवटी पीएफ उचलून कर्ज मिटवलं. एकदा खात्यात दोनशे रुपये कमी पडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन! मी दात घासत होतो. आणि यांचे अकरा दिवस वर गेले, तर "सिस्टीममध्ये प्रोसेस सुरू आहे."

"भरपाईचं काय?" मी विचारलं.

"लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं."

"आणखी तीस!" काकांनी स्लिपवर नवा गुणाकार सुरू केला.

दोन दिवसांनी फोन आला, कागद आले म्हणून. गेलो तर काका त्याच खुर्चीत. पाकीट फोडलं. करारनाम्याच्या पहिल्या पानाला कुणाच्या तरी चहाचा गोल, शेअर सर्टिफिकेटला स्टेपलरच्या चार पिना. सगळं होतं. सोबत 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं पत्र. पासष्ट हजारांचा उल्लेख कुठेही नाही. तक्रार अर्ज मी तिथेच लिहायला घेतला, पेनाकडे सरकून.

काकांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिळाले?" ते हळहळले. "म्हणजे मुदतीआधीच मोडलीत."