तिसऱ्या दिवशीच्या सुजेबद्दल : तुमच्या एक स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

चेहऱ्याच्या ऑपरेशननंतर बरं होईपर्यंत पेशंटनी राहावं म्हणून मी पुण्यात खोल्या चालवते, तिथे तुम्ही चार रात्री राहून गेलात. त्याबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. तुम्ही लिहिलंत की तिसऱ्या दिवशी चेहरा पहिल्या दिवसापेक्षा जास्त सुजला आणि याची कोणी कल्पनाच दिली नव्हती. पहाटे दोनला बर्फ मागितला तर रात्री कामाला असलेल्या मुलीने सरळ नाही म्हटलं, जेवण आळणी होतं, उशांना टेकून उताणं झोपायची सक्ती म्हणजे तुरुंग होता. आणि बाराव्या दिवशी भाचीच्या साखरपुड्यात डोळ्यांखाली पिवळे डाग घेऊन बसावं लागलं.

रात्रीच्या मुलीचं बोलणं चुकलं. "आता बर्फ देत नाहीत, झोपा" असं दुखणाऱ्या माणसाला सांगत नाहीत. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. तिला समज दिली आहे.

पण "कल्पनाच दिली नव्हती" हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुमचं ऑपरेशन कोणतं, सर्जन कोण, ते मी इथे लिहिणार नाही, तो तुमचा खाजगी विषय आहे. मी फक्त माझ्या बाजूचं लिहिते. खोली ठरवताना फोनवर मी तुम्हाला सांगितलं होतं. सोमवारी संध्याकाळी तुम्ही हॉस्पिटलमधून आलात तेव्हा तुमच्या मिस्टरांसमोर पुन्हा सांगितलं. आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलेला होता, माझ्याच अक्षरात : "बुधवार, गुरुवार सूज सगळ्यात जास्त. घाबरू नका. शुक्रवारपासून उतरेल." मी प्रत्येक पेशंटसाठी मुद्दाम वाराची नावं घालून हा कागद लिहिते, कारण गुंगीतून उठलेल्या माणसाला "तिसरा दिवस" कुठून मोजायचा ते कळत नाही. सोमवारी तुम्ही भुलीच्या अमलाखाली होतात, ऐकलेलं राहिलं नसेल, हे मी समजू शकते. पण सांगितलंच नाही असं नाही, ताई.

चेहऱ्याच्या ऑपरेशननंतरची सूज अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांपर्यंत वाढत जाते आणि मग उतरायला लागते. कापलेल्या, हलवलेल्या जागेकडे शरीर रक्त आणि पाणी धाडतं, बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, म्हणून पहिल्या दिवशी चेहरा त्या मानाने बरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी आरशात ओळखू येत नाही. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी हेही असतंच, कारण रात्रभर आडवं झोपलं की पाणी चेहऱ्यात उतरतं. यात कोणाची चूक नसते. सर्जनची नसते, माझीही नसते.

आता बर्फ. तुमचं ऑपरेशन सोमवारी सकाळी अकराला झालं. तुम्ही बर्फ मागितलात गुरुवारी पहाटे दोनला. म्हणजे त्रेसष्ट तास झाले होते. तुमच्या सर्जनच्या कागदावर बर्फ अठ्ठेचाळीस तास लिहिला होता, आणि सोमवार, मंगळवार तुम्ही जाग्या असताना माझ्या मुलींनी फडक्यात गुंडाळून पंधरा पंधरा मिनिटं, मध्ये अंतर ठेवून तो धरला होता, हे तुमच्या अभिप्रायात कुठे आलं नाही. बर्फामुळे रक्तवाहिन्या आकसतात, झिरपणं कमी होतं, म्हणून त्याचा उपयोग सुरुवातीलाच. नंतर फार गुण येत नाही. आणि ऑपरेशननंतर चेहऱ्याची कातडी काही ठिकाणी बधिर असते. बर्फ जास्त वेळ राहिला तर चटका बसतो आणि पेशंटला तो कळतही नाही. काही ऑपरेशनांनंतर तर सर्जन बर्फ अजिबात लावू देत नाहीत. सर्जनने लिहून दिलेलं मी माझ्या मनाने बदलत नाही. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, तिथे हीच शिस्त लागली.

आणि त्या रात्री फक्त "नाही" म्हणून आम्ही दार लावलं नाही. मुलीने मला वरून उठवलं. मी अडीचला खाली आले, बॅटरी घेऊन तुमचे दोन्ही गाल शेजारी शेजारी पाहिले, हाताने दाबून पाहिले, दिसतंय का नीट, एका बाजूला ठणका आहे का, असं विचारलं. एकच बाजू अचानक टणक फुगली आणि दुखायला लागली तर आत रक्त साचत असू शकतं. तसं झालं, किंवा डोळ्यांना कमी दिसायला लागलं, तर थांबायचं नसतं, त्याच क्षणी सर्जनला फोन आणि हॉस्पिटल. तुमची सूज दोन्हीकडे सारखी होती, मऊ होती, डोळे उघडत होते. पाणी दिलं, सर्जनने लिहिलेली पॅरासिटामॉल दिली, घसरलेल्या उशा परत लावल्या. तुम्ही झोपलात तेव्हा चार वाजायला आले होते. ते तुम्हाला आठवत नसेल.

उशा घसरल्या नव्हत्या, काढलेल्या होत्या, हे लिहायचं नव्हतं. पण तुम्ही "तुरुंग" लिहिलंत म्हणून लिहिते. डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवायचं आणि उताणं झोपायचं, हा सूज उतरवायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. कुशीवर झोपलं की ज्या बाजूला झोपाल ती बाजू सकाळी फुगते. पुण्यात ही गोष्ट आजची नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी घेऊन नवं नाक बसवलं, आणि ती हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आली. त्यातही लिहिलं आहे की ऑपरेशननंतर पाच-सहा दिवस पेशंटला उताणं झोपवतात. आमच्या थिएटरमधल्या एका मोठ्या सरांनी हे सांगितलं होतं, तेव्हापासून मी ते प्रत्येक पेशंटला सांगते. तुम्हालाही सांगितलं होतं.

आळणी जेवणाबद्दल एवढंच म्हणते की मीठ पाणी धरून ठेवतं. बाहेरून आलेलं लोणचं आणि पोह्याचे पापड मी काढून घेतले नाहीत, कारण पाहुण्यांसमोर मला ते बरं वाटलं नाही. काढून घ्यायला हवे होते.

डागांचं सांगते. रक्त साकळलं की आधी जांभळं-निळं दिसतं, मग हिरवट, मग पिवळं. ते रक्तातल्या रंगाचं मोडणं असतं. पिवळं म्हणजे शेवटचा टप्पा, बरं होत आल्याची खूण. डोळ्याखालचं खाली गालावर, कधी मानेपर्यंत उतरतं, तेही वजनाने उतरतं, नवीन काही झालेलं नसतं. फोनवर तुम्ही विचारलंत, "दहा दिवसांत होईल ना?" मी म्हटलं, "दहा ते चौदा." तुम्ही दहा धरलंत. साखरपुडा बाराव्या दिवशी आहे हे मला शुक्रवारी निघताना कळलं. आधी कळलं असतं तर मी तुम्हाला सर्जनशी बोलून तारीख पुढे घ्यायला सांगितलं असतं, खोलीचं बुकिंग गेलं असतं तरी चाललं असतं. आणि तुमच्याच अभिप्रायात आहे की सहाव्या दिवशी तुम्ही तुळशीबागेत गेलात आणि "लोक बघत होते". भर दुपारी, उन्हात, त्या गर्दीत, पिशव्या उचलून. पहिले दोन आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, ऊन घ्यायचं नाही, हेही कागदावर होतं. कागद तुम्ही बरोबर नेला नाहीत, तो अजून दाराला आहे.

पाच रात्रींचे पैसे घेतले, राहिलात चार, हे बरोबर आहे. ते नियमाने आहे आणि पावतीवर लिहिलेलं आहे, पण तुमच्या मनात राहिलं असेल तर फोन करा, काहीतरी करू.

हे सगळं इतकं लांबवर लिहितेय कारण माझ्या एरंडवण्यात तीनच खोल्या आहेत. मोठं हॉस्पिटल नाही, जाहिरात नाही. दोन-तीन सर्जन विश्वासाने पेशंट पाठवतात आणि लोक इथले अभिप्राय वाचून येतात. परवा कोल्हापूरच्या एका ताईंनी पापण्यांच्या ऑपरेशनसाठी घेतलेली खोली रद्द केली. का म्हणून विचारलं तर त्यांनी तुमचं "कल्पनाच दिली नव्हती" मला फोनवर वाचून दाखवलं. मी काय उत्तर देणार? दोन मुलींचा पगार आणि खोल्यांच्या दुरुस्तीचं कर्ज या तीन खोल्यांवर चालतं.

रात्री बोलायचं कसं ते मुलींना पुन्हा नीट शिकवू. तो कागद घरी नेण्यासाठीही वेगळा द्यायचं बघते आहे, आणि जेवणात काही बदल करता आला तर करू.

तुम्हाला आता पंधरा-सोळा दिवस झाले असतील. रंग गेला असेल, थोडी सूज अजून सकाळी जाणवेल, ती हळूहळू महिन्याभरात, कधी जास्त वेळ घेऊन जाते. बाहेर पडताना टोपी आणि सनस्क्रीन लावा, साकळलेल्या जागी ऊन लागलं तर डाग राहू शकतो. ॲस्पिरिन किंवा तसल्या गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका. काही शंका आली तर रात्री-अपरात्री फोन करा, मीच उचलते.

तुमचा निळा स्कार्फ खोलीत राहिला होता. धुऊन, घडी करून ठेवला आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कोणालाही पाठवा.

आपली,
सिस्टर