३४१ लिटर सायकल

गाडीच्या माहितीपत्रकात डिकीचं माप लिटरमध्ये देतात. वॅगनआर ३४१ लिटर, तिसऱ्या पिढीची स्विफ्ट २६८. पाहुण्यांकडे पाच किलो तांदूळ आणि फणस न्यायचा असेल तर हे माप उपयोगी असेलही. गाडीत घालून न्यायची सायकल मात्र लिटरमध्ये बसत नाही. तिला घनफळ जवळजवळ नाहीच, आहेत ती नुसती टोकं. हँडलची दोन, पॅडलची दोन, सीटचं नाक, स्टँडचा पाय आणि मडगार्डचा तो पत्रा, जो मोजताना कुणाच्याच लक्षात येत नाही आणि सीटकव्हरच्या मात्र पहिल्यांदा लक्षात येतो.

आधी हिशेब. साध्या हायब्रिड सायकलीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर साधारण १०५ सेंटिमीटर असतं. टायर धरून चाकाचा व्यास ६९ च्या आसपास, म्हणजे पुढे ३४ आणि मागे ३४ बाहेर. झाले पावणेदोन मीटर. लहान गाडीची मागची सीट पाडली, तर डिकीच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत सव्वा मीटर हाती लागतो. पुढचं चाक काढलं की सायकल १४० वर येते. पुढची डावी सीट नाकाला डॅशबोर्ड लागेपर्यंत सरकवली, तर वॅगनआरसारख्या ऐसपैस गाडीत ती मावते. दोन्ही चाकं काढली की डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा मागचा लटकता भाग, धरून ११५. अल्टोवाल्यांनी इथूनच सुरुवात करावी. पण करत नाहीत. ‘एकच चाक काढून बघू, बसेल’ या वाक्यावर अर्धी सकाळ जाते. शेवटी मागचं चाक काढावंच लागतं, तेही सायकल अर्धी गाडीत असताना.

मागचं चाक काढण्याआधी गिअर सर्वांत लहान चक्रीवर आणायचा. चेन सैल पडते, डिरेलर बाहेरच्या बाजूला येतो आणि चाक सुटतं. हे न करता ओढलंत तर चेन मोठ्या चक्रीला अशी बिलगते की मधे कुणी तिसऱ्याने पडावं लागतं. मग ब्रेक. व्ही-ब्रेक, म्हणजे चाकाच्या रिमला दोन बाजूंनी रबर दाबणारा ब्रेक, असेल तर वरची वाकडी नळी पकडीतून सोडवायची, नाहीतर फुगलेला टायर दोन रबरांच्या मधून निघत नाही. लोक मग टायरची हवा काढतात आणि मुक्कामाला पोचल्यावर पंप घरी राहिल्याचं आठवतं. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्याबरोबर दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी घालायची. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक चाकाशिवाय दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा चाक आत जात नाही. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उघडी पडली की जे काका चौकशीला येतात, ते चौकशी करता करता हटकून ब्रेकच दाबून बघतात. ‘चांगला आहे हो, कडक लागतो.’ पुठ्ठा त्यांच्यासाठी आहे.

क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडायचा खटका, असेल तर चाकाला हत्यार लागत नाही. नट असतील तर पंधराचा पाना, पुढच्याला कधी चौदाचा. नट, वॉशर आणि क्विक रिलीजच्या दोन निमुळत्या स्प्रिंगा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकाव्या. खिशात नको. खिशातली स्प्रिंग हातरुमालाबरोबर बाहेर येते आणि गटाराची जाळी शोधत जाते. स्प्रिंगचं निमुळतं तोंड आत, अ‍ॅक्सलकडे. उलटं बसवलं की चाक नीट बसत नाही आणि दोष रस्त्याला जातो.

सीट काढण्याआधी दांड्यावर, फ्रेमच्या तोंडाशी, इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा. तो नसेल तर उंची पुन्हा जमवताना गुडघे आठवडाभर बोलतात. हँडलच्या समोरचे बोल्ट चारच्या किंवा पाचच्या अ‍ॅलन कीने सैल करून हँडल फ्रेमला समांतर लोंबतं ठेवलं, तर सत्तर सेंटिमीटरचा सगळ्यात मोठा अडसर जातो. पॅडल शक्यतो काढू नये. काढायचंच तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे पाना हातात घ्यायच्या आधी आठवावं. दोन माणसं मिळून चुकीच्या बाजूला जोर लावतात तेव्हा पॅडल सुटत नाही, पण एकाचं कोपर नक्की सोलतं.

मग भरणी. खाली गोधडी. तिच्यावर फ्रेम, चेनची बाजू वर. हा मुद्दा मी हट्टाने मांडेन, कारण डिरेलर ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती अंगचं वजन पडलं की वाकते, आणि वाकली की गिअर आपल्या मर्जीने बदलतात. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन पायांमधे लाकडाचा ठोकळा बसवावा, म्हणजे कुणी त्यावर बॅग टाकली तरी ते आत वळत नाहीत. फ्रेमवर जुनी चादर, चादरीवर चाकं, डिस्कची तबकडी वरच्या बाजूला. तबकडी तसूभर वाकली तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘खस्स’ असा आवाज येतो, आणि तो आवाज चढावर फार मोठा वाटतो.

एवढं करूनही चेन छताला लागते. गाडीचं छत नेमकं फिकं असतं. डाग ओल्या फडक्याने खसाखसा घासू नये, छताच्या कापडामागचा गोंद सुटतो आणि कापड झोपाळ्यासारखं खाली येतं. किंचित साबणाच्या फेसाने टिपून घ्यावा. चेनला आधीच वर्तमानपत्र गुंडाळलं असतं तर, हे वाक्य डाग पडल्यावर सगळेच म्हणतात.

सायकल बांधायलाच हवी. चौदा किलोचं लोखंड करकचून लागलेल्या ब्रेकला थांबत नाही, ते पुढे येतं आणि पुढे तुम्ही असता. बांधायला जुनी ट्यूब सर्वांत उत्तम. ती सुंभासारखी रुतत नाही आणि दोरीसारखी सैल पडत नाही. पंक्चरवाल्याकडे दहा फाटक्या ट्यूबा पडलेल्या असतात, मागितल्या की मिळतात. सायकलीचं टोक पुढच्या डाव्या सीटवर आलं असेल, तर गाडी त्याला माणूस समजून ‘टिंग टिंग’ सुरू करते. फ्रेममधून सीटबेल्ट ओवून अडकवावा. टिंग टिंग थांबते आणि सायकलही जागेवर राहते.

मागे लावायच्या पट्ट्यांच्या कॅरिअरबद्दल थोडं सांगतो. वरचे हूक दाराच्या पत्र्याच्या कडेलाच बसले पाहिजेत, काचेच्या कडेला किंवा प्लॅस्टिकच्या स्पॉयलरला नव्हे. नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत. खालचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं तर घाट संपेपर्यंत टायर भाजून निघतो. बाईमाणसांच्या वाकड्या दांड्याच्या सायकलीला आडवी खोटी दांडी जोडावी लागते, नाहीतर ती कॅरिअरवर बसतच नाही. टपावरच्या कॅरिअरला माझा विरोध नाही. फक्त पावणेदोन मीटरच्या गाडीवर एक मीटरची सायकल उभी असते, हे मॉलच्या बेसमेंटमधला उंचीचा आडवा पाइप तुमच्यापेक्षा नीट लक्षात ठेवतो.

गावाकडची काळी, दांड्यांच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची सायकल या लेखात धरलेली नाही. ती टेम्पोची मालमत्ता आहे. सगळ्यात अवघड मात्र पाच वर्षांच्या मुलाची सोळा इंची सायकल, दोन आधाराच्या चाकांसकट. ती कुठल्याच बाजूने आडवी होत नाही आणि तिची घंटी वाटभर वाजते.

पोचल्यावर जोडणी उलट क्रमाने. व्ही-ब्रेकची नळी परत अडकवली का, हे उतार लागायच्या आत बघावं. क्विक रिलीजचा खटका अर्ध्यात घट्ट लागायला हवा आणि मिटताना तळहातावर ठसा उमटायला हवा. चिमटा एक फेरा जास्त फिरून केबलांचा पीळ पडला नाही ना, तेही पाहावं. डब्यात एक वॉशर उरला तर तो गाडीचा नसतो.

परतताना चाकांना चिखल असतो. तेव्हा वॉशिंग मशीनचं झिप असलेलं कव्हर कामाला येतं. त्यात दोन्ही चाकं तिरकी मावतात. घरी आल्यावर ते उलटं करून गॅलरीत झटकावं, आणि मगच मशीनवर चढवावं. तेही पांढरे शर्ट आत फिरत नाहीत ना, हे बघून.