१९२७च्या यांकीजमध्ये म्हणे कोटा नव्हता!

"सुपरकॉम्प्युटरने खेळवला शतकातला सर्वात मोठा सामना" अशा मथळ्याचा एक व्हिडिओ सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. १९२७चे न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध १९७५चे सिनसिनाटी रेड्स. अमेरिकन बेसबॉलमधले हे दोन जुने दादा संघ, सामना अर्थातच संगणकावरचा. यांकीज जिंकतात आणि मग निवेदक गळा काढून सांगतो की त्या काळी निवड निव्वळ मेरिटवर व्हायची, कोटा-बिटा भानगड नव्हती, म्हणून तसा संघ पुन्हा झाला नाही.

एरवी मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण आमच्या काकांनी तो न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याला पाठवला. पोरगा तेरा वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये बेसबॉल खेळतो. व्हिडिओखाली काकांची टिप्पणी: "बघ, मेरिट म्हणजे काय ते." त्याने मला विचारलं, "मावशी, हे खरंय?" म्हणून हा खटाटोप.

सुपरकॉम्प्युटरचं आधी उरकते. असे सामने लोक घरच्या टेबलावर खेळत आलेत, तेही फाशांनी. १९६१मध्ये हॅल रिचमनने बाजारात आणलेला 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा त्यातला प्रसिद्ध खेळ. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असतं आणि ते त्याच्या त्या वर्षाच्या आकड्यांवरून बनवलेलं असतं. तीन फासे टाकायचे. पहिल्यावर एक ते तीन पडलं तर बॅटरचं कार्ड वाचायचं, चार ते सहा पडलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. बाकीच्या दोन फाशांची बेरीज सांगते की रकान्यातली कुठली ओळ बघायची. तिथे होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) लिहिलंय की आऊट, ते तुमचं नशीब. संगणक हेच काम झटपट करतो. यात सिद्ध काय होतं? तोच सामना उद्या परत लावा, कदाचित रेड्स जिंकतील. मोठा हंगाम खेळवला तर आकडे खऱ्याच्या बरेच जवळ जातात, एवढं श्रेय या खेळांना द्यायला हवं. पण एका सामन्यावरून निकाल?

मोजक्या सामन्यांचा भरवसा तर खऱ्या मैदानावरही धरता येत नाही. १९०६मध्ये शिकागो कब्जनी ११६ सामने जिंकले, ३६ हरले. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, समोर गावातलेच व्हाइट सॉक्स होते. अमेरिकन लीगमध्ये सर्वात कमी बॅटिंग सरासरी त्यांची होती. व्हाइट सॉक्स ४-२ने जिंकले.

व्हिडिओतला पुढचा दावा यांकीजच्या गाजलेल्या बॅटरबद्दल: "बेब रूथने एकट्याने जगातल्या कुठल्याही संघापेक्षा जास्त होम रन मारले." हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. १९२७मध्ये रूथचे ६० होम रन झाले आणि अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या एकाही संघाला तेवढे जमले नाहीत. फिलाडेल्फियाचे ५६ झाले, तेच सर्वाधिक. पण नॅशनल लीग नावाची दुसरी लीगही होती आणि तिथे न्यूयॉर्क जायंट्सनी शंभरी ओलांडली होती. संघ थोर होता यात वादच नाही: ११० विजय, ४४ पराभव, वर्ल्ड सिरीजमध्ये पिट्सबर्गचा ४-०ने धुव्वा. रूथचा साथीदार लू गेरिगचे ४७ होम रन तर रूथमुळे झाकले गेले.

आता ते मेरिट. १९२७मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे या दोन्ही मुख्य लीगमध्ये मिळून, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियमपुस्तकात असं कुठे लिहिलेलं नव्हतं, मालकांचं आपसात ठरलेलं होतं. ते १८८०च्या दशकापासून चाललं आणि १५ एप्रिल १९४७ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या संघाकडून उतरला तेव्हा मोडलं. यांकीजनी त्यानंतरही आठ वर्षं घेतली; त्यांचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, १९५५चा. कोटा नव्हता म्हणे! शंभर टक्के जागा एका रंगाला राखीव होत्या, याला दुसरं काय म्हणायचं?

व्हिडिओ बनवणाऱ्याला हेही सुचलं नाही की समोर त्याने कुणाला उभं केलंय. १९७५च्या रेड्समध्ये जो मॉर्गन नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. जॉर्ज फॉस्टर होता, केन ग्रिफी होता. हे तिघेही कृष्णवर्णीय; यांतल्या एकालाही १९२७मध्ये यांकीजनी दारात उभं केलं नसतं.

आणि रूथचं ते कार्ड? ज्या पिचरना तो त्या हंगामात खेळला, त्यांच्यावरच बनलेलं. त्याच वर्षी सॅचेल पेज बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून नीग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, चेंडू टाकत होता. मेजर लीगमध्ये त्याला १९४८मध्ये घेतलं, बेचाळिसाव्या वर्षी. नीग्रो लीगमधला बॅटर जॉश गिब्सन, त्याला तर तेवढंही मिळालं नाही. रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी तो गेला, ३५ वर्षांचा. माझं ऐकू नका, खुद्द मेजर लीग बेसबॉलचं ऐका. २०२०मध्ये त्यांनी १९२० ते १९४८च्या नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत घातले. कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत पूर्वी पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला. पहिला गिब्सन, ०.३७२. ज्याला आत घेतलंच नाही तो यादीत सर्वात वर.

काकांना हे परदेशातलं वाटत असेल तर आपले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवावेत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेला माणूस, पण हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. ते मिळालं १९२३मध्ये, धाकट्या भावाला, विठ्ठलला. तेव्हाही निवड मेरिटवरच होते असं सांगणारे होतेच.

व्हिडिओतलं शेवटचं, "रूथ आज खेळला असता तर शंभर होम रन मारले असते." १९२७मध्ये रूथ ८९ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला, लीगमध्ये सर्वाधिक. आज नियमित खेळणाऱ्या बॅटरच्या नावापुढे ८९ दिसले तर कुणी वळूनही बघत नाही, कारण साधा फास्टबॉलच सरासरी ताशी दीडशे किलोमीटरने येतो. त्यापुढे रूथचं काय झालं असतं हे त्या कार्डावर छापलेलं नाही.